शेवटची कात्री बाईंची

"कंगवा धरलायस की कोलीत?" बाई बारकीच्या कानाशी पुटपुटल्या. पुटपुटल्या म्हणजे त्यांच्या मते. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने मान आणखी खाली घातली.

बारकीने दात आवळले. चाळिशी उलटली, कंबर रुंदावली, थोरली लेक कॉलेजात गेली, तरी बाईंच्या या पार्लरात ती बारकीच. केर काढायला आली तेव्हा पडलेलं नाव, ते डिंकासारखं चिकटलं.

आज सांगायचंच होतं. भावजयीच्या घराजवळ स्वतःच्या पार्लरासाठी एक खोली मिळत होती, रस्त्याला लागून, दोन खुर्च्या मावतील एवढी. मालकीण संध्याकाळपर्यंत थांबणार होती, पुढे नाही. चष्म्यांचं दुकान टाकू पाहणारा कोणी मालकिणीकडे खेटे घालत होता. बारकीने सकाळपासून कितीदा तरी तोंड उघडलं, आणि दर वेळी बाईंनी त्यात सल्ला कोंबला.

"बाई, मला जरा बोलायचं–"

"आधी ऐक. रडून आलेल्या बाईचे केस त्याच दिवशी तोकडे करायचे नाहीत. टोकं छाटायची, चहा पाजायचा, म्हणायचं आठवड्याने ये. आली तर काप. नाही आली तर सुटली बिचारी."

हे ऐकून ऐकून बारकीचे कान किटले होते. पंचाईत ही, की ते खरं होतं. 'कापताना केसांकडे नाही, आरशातल्या चेहऱ्याकडे बघ' हेही खरं. 'नवरा एकवेळ उसना दे, कात्री देऊ नकोस' हेसुद्धा तिला अनुभव न घेताच पटलेलं. मूर्खाचा सल्ला झटकता तरी येतो. बाईंचा सल्ला कापलेल्या केसासारखा, अंघोळ केली तरी मानेपाशी टोचत राहायचा.

आणि सगळ्यावर कडी म्हणजे बाईंचा नियम. शेवटची कात्री त्यांची. बारकीने कोणाचेही केस कापले, की बाई येणार, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढणार, डोक्याभोवती फिरणार, कुठेतरी एक कट् करणार आणि म्हणणार, "अजून कच्चं आहे गं."

सुरुवातीला काहीतरी राहायचं खरं. पुढे राहीनासं झालं, तेव्हा बाई नुसत्याच फिरत राहायला लागल्या. गिऱ्हाईक अवघडायचं, बाहेरच्या बाकावर चुळबुळ सुरू व्हायची. शेवटी वैतागून बारकीने युक्ती काढली. उजव्या कानामागे एक बट मुद्दाम लांब ठेवायची. बाईंना ती सापडायची, कट् व्हायचं, सगळ्या मोकळ्या. चांगलं काम करून वर ते थोडंसं बिघडवायचं, अशी ही नोकरी!

दुपारी समोरची दातांची डॉक्टरीण आली. बारकीने तिचे केस कापले, बट ठेवली आणि ठरवलं, आता बाईंचं कट् झालं की सांगून टाकायचं.

बाई आल्या. फिरल्या. कात्री मात्र उघडलीच नाही.

"हल्लीच्या पोरींना दोन कात्र्या हातात आल्या की खोल्या बघायला धावायचं असतं," त्या आरशाला म्हणाल्या. "आधी पाया, मग माडी."

म्हणजे भावजयीच्या तोंडात तीळ भिजला नव्हता.

"कच्चं आहे अजून," बाई म्हणाल्या.

"कुठे?" बारकीचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "दाखवा ना. कुठे कच्चं आहे?"

बाई पुन्हा डोक्याभोवती फिरायला लागल्या.

"उजव्या कानामागे," डॉक्टरीण म्हणाली. "दर वेळी ही तिथे ठेवते, दर वेळी तुम्ही कापता. अहो, माझ्या घरी आरसा आहे! मी मुकाट्याने बसते, पण हा काय पोरखेळ लावलाय दोघींनी माझ्या डोक्यावर?"

बारकीचे कान तापले. बाईंनी कात्री ट्रेमध्ये ठेवली.

"मला काय ती दिसत नाही?" त्या म्हणाल्या. "पहिल्याच आठवड्यात कळलं मला. चुकून राहिलेली बट अशी नेमकी एकाच जागी राहते होय?"

"मग कच्चं का म्हणायचात?" बारकी ओरडलीच. "मी दर वेळी घरी जाऊन विचार करायचे, ती बट सोडून आणखी काय शिकायचं राहिलंय माझं! नवऱ्याचं डोकं खाल्लं, लेकीच्या केसांवर प्रयोग केले. माझी वर्षं गेली त्यात, बाई!"

बाई शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसल्या. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत त्यांना कोणी बसलेलं पाहिलं नव्हतं. पाय जमिनीला नीट टेकत नव्हते.

"पक्कं म्हटलं असतं तर तू गेली असतीस," त्या म्हणाल्या. "आणि इथे माझ्यासाठी कोणी येत नाही गं. सगळ्या तुझ्याकडे येतात. केव्हापासूनच."