शिवलेली सोळा पानं

आईला कॅन्सर झालाय हे घरातल्या तिघांपैकी दोघांनाच माहीत होतं. हबीबगंजच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाबांना आणि तन्वीला बाहेर बोलावून स्वादुपिंडाचं नाव घेतलं, दोन-तीन महिने म्हणाले. बाबा घाम पुसत आत गेले आणि आईला म्हणाले, पित्ताच्या नळीत खडा अडकलाय, कावीळ उतरायला वेळ लागेल. आईने तन्वीकडे पाहिलं. तन्वीने मान हलवली. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलीने मान हलवल्यावर शंकेला जागा उरली नाही.

ही ऑगस्टातली गोष्ट. आता दसरा होऊन गेला होता. बरखेड्याच्या कारखाना-कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये बाहेरच्या खोलीत, खिडकीला लागून आईचा पलंग टाकला होता. औषधांनी तिच्या डोळ्यांसमोर अक्षरं हलायची.

“तन्वी, स्टेशनचं पुस्तक काढ गं. तूच वाच आता.”

“पुन्हा तेच? पाठ आहे की तुला.”

“म्हणूनच. आता काही नवीन घडायला नकोय मला.”

ते पुस्तक आईने लग्नात नागपूरहून आणलेलं. वरची पानं केव्हाच गेली होती, त्यामुळे त्याचं खरं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आडगावचं एक स्टेशन, तिथले मास्तर, मास्तरीणबाई, एक पोर्टर आणि तिकिटं खाणारी शेळी. बाबांना सस्पेंड केलं तेव्हा आईने ते वाचलं, तन्वीला टायफॉइड झाला तेव्हा वाचलं, लॉकडाऊनमध्ये तर दोनदा. तन्वीला ती मोठ्याने वाचून दाखवायची. ते हातात घेण्याची वेळ तन्वीवर कधी आली नव्हती.

तीन दिवस छान गेले. शेळीने तपासनिसाचा पास खाल्ला तिथे आई पोट धरून हसली. “पुरे गं, दुखतंय,” म्हणाली आणि तोच परिच्छेद पुन्हा वाचायला लावला.

चौथ्या दिवशी सकाळी आई झोपली असताना तन्वी पुढचं चाळत होती. पान दोनशे नऊपासून दोनशे चोवीसपर्यंतचा गठ्ठा उघडेना. बाहेरच्या कडेने निळ्या दोऱ्याने धावदोरा घातला होता. तिने मोजलं: सोळा पानं, म्हणजे छपाईचा बरोबर एक फॉर्मा. तो सुटून आला असणार आणि आईने घाईत चुकीच्या बाजूने शिवला असणार. अंदाज इतका नेमका बसला की तन्वीला बरं वाटलं. अंदाज बांधला की तो तपासायचा, हे ती पाच वर्षं शिकली होती. आईला विचारायला मिनिटभर लागलं असतं. तिने ब्लेडने एकेक टाका कापला, एकही पान फाटू दिलं नाही.

दुपारी ती वाचायला बसली. इथे पावसाळा संपता संपता मास्तरीणबाई खांडव्याला बहिणीकडे जातात आणि शेवटपर्यंत परत येत नाहीत, एवढं तिला ठाऊक होतं. ती खांडव्याची वाट बघत वाचत राहिली.

“‘मास्तरीणबाईंचे डोळे हळदीसारखे झाले होते. रात्रभर त्या अंग खाजवत बसत. पोलक्याच्या बाह्या दंडावर...’”

ती थांबली. खांडव्याचं काहीतरी म्हणून टाकावं असं तिच्या मनात आलं, पण तिला एक वाक्य रचता येईना.

“काय झालं?” आईने विचारलं.

“पान चिकटलंय.”

“चिकटलेलं नाही. मी शिवलं होतं. तुझी आजी गेली त्या वर्षी.”

“आई, मला वाटलं...”

“कळलं ते, दुसऱ्याच ओळीला. उसवलंस ना? वाच आता.”

“आणि खांडवा?”

“खांडवा माझा. पुस्तकात कुठला आलाय.”

“आपण शेळीचं वाचू ना.”

“शेळी काय, रोजचीच आहे.” आईने पंख्याकडे नजर लावली. “आजीला अगदी असंच झालं होतं. मला इथे पत्र आलं, खडा झालाय म्हणून. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, वंदनाला इतक्यात कळवायचं नाही. तू लहान, बाबांची नोकरी नवी. मी पोचले तेव्हा तेरावा होता.”

तन्वीने पुस्तक मांडीवर ठेवलं.

“बाबा खडा म्हणाले तेव्हाच मला ते पत्र आठवलं होतं,” आई म्हणाली. “पण तू मान हलवलीस. म्हटलं, तन्वी म्हणतेय म्हणजे असेल खडा. दोन महिने तेवढ्यावर झोपले मी.” मग तिने मान वळवली. “खडा आहे का?”

खाली भाजीवाला आवाज देत गेला.

“नाही.”

“किती म्हणाले?”

“दोन-तीन महिने. ऑगस्टात.”

आईने बोटांची पेरं मोजली, पुन्हा मोजली. “बाबांना कळू देऊ नकोस, मला कळलंय ते. त्यांना नाही जमायचं. वाच, अर्धवट नको.”

तन्वीने सोळाही पानं वाचली. दोनशे एकोणिसाव्या पानावर मास्तरीणबाई गेल्या. मालगाडी बाहेर खोळंबली होती, म्हणून मास्तर मधेच उठून हिरवं निशाण दाखवून आले. मग फुलं, मग भाऊबंद, मग दुसऱ्या दिवशीची पॅसेंजर.

“एवढंच होतं?” आई म्हणाली. “मला वाटलं, जास्त असेल.”

साडेतीनला पहिली पाळी संपवून बाबा आले. “अरे वा, आज तर एकदम फ्रेश. डॉक्टरांना फोन केला होता मी. म्हणाले, खडा विरघळतोय.”

“हो का? बरं झालं.” आईने उशी सरळ केली. “अहो, चकलीचं सामान आज आणाल का? तांदूळ, डाळी, सगळं.”

“इतक्यात? अजून पंधरा दिवस आहेत दिवाळीला.”

“असू देत. या वर्षी लवकर करू.”

“देखा?” बाबा तन्वीला म्हणाले. “मॅडमना ताकद आलीय.” पिशवी घेऊन ते शिट्टी वाजवत जिना उतरले. स्कूटरचा आवाज कॉलनीच्या फाटकापर्यंत ऐकू आला.

“वही घे,” आई म्हणाली. “तुला लिहून घेतल्याशिवाय काही येत नाही. भाजणी मंद आचेवर, प्रत्येक धान्य वेगळं. तांदूळ चार वाट्या.”

तन्वीने वही आणली.

“हरभऱ्याची डाळ दोन. उडदाची एक. लिहितेयस ना?”

“हो,” तन्वी म्हणाली. “उडदाची एक.”