बुवांचं लिंबू आणि तिसरा घोडा

खडकीतल्या आमच्या तबेल्यापुढे माणसं दाटली होती. उत्तरेश्वरबुवांनी पाखर घोडीच्या जबड्याखालच्या गाठीवर लिंबू दाबलं, आणि गाठ फुटली. पू वाहिला. चार दिवस उपाशी असलेल्या पाखरनं संध्याकाळी चारा खाल्ला.

"मच्छिंद्र बाहेर पडला," बुवा म्हणाले. तेच लिंबू त्यांनी शेजारच्या मोती घोड्याच्या नाकाला लावलं. "आठव्या दिवशी इथं येईल."

मच्छिंद्र म्हणजे माझे वडील. वरातींना घोडे देण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांना जाऊन तीनच आठवडे झाले होते.

आठव्या दिवशी मोतीला गाठ आली. त्याचा श्वास घरघरू लागला, अगदी बाबांच्या शेवटच्या दिवसांसारखा. मी चार पुस्तकं वाचलेली बाई. पण तबेल्यात एकटी जाईना.

मोतीची गाठ पिकल्यावर बुवांनी तीही फोडली, लिंबू आमच्या तिसऱ्या घोड्याच्या, शेराच्या नाकाला लावलं आणि त्याच्याच गव्हाणीवर टांगलं. "आठ दिवस. त्यानंतर मच्छिंद्र माणसाला धरील. घोडे आमच्या मठाला सोडा."

"सोडू या, अपेक्षा," इंद्रजीतकाका म्हणाले. "दादाचा जीव अडकलाय. डॉक्टरीणबाईंनीपण हात टेकले. पाखरला इंजेक्शन देईनात."

मी त्या जनावरांच्या डॉक्टरांना, डॉ. पूर्वांना बोलावलं.

"हात टेकले नव्हते," त्या म्हणाल्या. "पुवाच्या गाठीत औषध नीट पोचत नाही. शेकून पिकवायची, मग कापायची, म्हणून थांबा म्हटलं होतं." हातमोजे घालून त्यांनी लिंबू चिरलं. आत अर्धं ब्लेड होतं.

"पिकलेली गाठ यानं फोडली. जंतू पुवात असतात, तो पू पुढच्या घोड्याच्या नाकाला. बुवा भविष्य सांगत नाहीत, इंद्रजीतराव. लागण करतात आणि तारीख देतात."

शेराला वेगळं बांधलं. रोज दोनदा थर्मामीटर. पाचव्या दिवशी ताप चढला. काकांनीच डॉक्टरांना फोन लावला.

"गाठ नाही अजून," डॉक्टर म्हणाल्या. "आत्ताच इंजेक्शन लागू पडेल. ताप उतरला तरी एकही दिवस चुकवायचा नाही."

आठव्या दिवशी पुन्हा गर्दी जमली. बुवांनी शेराचा गळा चाचपला. गाठ नव्हती.

"दादा काही आला नाही, बुवा," काका म्हणाले. "तुम्ही मात्र बसा. पोलीस येतायत."

घरातलं माणूस गेलं की भीती खरी वाटते. मलाही वाटली. कोणी तिला तुमच्याच माणसाचं नाव दिलं, तर आधी नाव देणाऱ्याच्या हातात काय आहे ते बघा. जनावर तापलं तर पहिल्याच दिवशी डॉक्टर बोलवा. आणि गेलेल्या माणसाला गेलेलं राहू द्या.