मागच्या दारातला बूट

नोरीनची आई हट्टाला पेटली की देवाचंही ऐकायची नाही. स्वयंपाकघराचं मागचं दार ती कधी पूर्ण लावायचीच नाही. फटीत क्लिफचा जुना काळा बूट आडवा घालून ठेवायची, आणि त्या फटीतून इंग्लंडातल्या रॉचडेल गावची जानेवारीची थंडी खुशाल घरात येऊन बसायची. क्लिफ म्हणजे नोरीनचा धाकटा भाऊ. ‘डेड मीटर’ नावाच्या पंक बँडचा कार्यक्रम ऐकायला म्हणून गेला, तो परत आलाच नाही. पोलिसांनी गळ टाकून अख्खा कालवा धुंडाळला. सापडलं काय, तर एक सायकल आणि कुणाचं तरी शिलाई मशीन. त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली होती. बूट मात्र जागचा हलला नव्हता.

या हिवाळ्यात म्हातारीची छाती भरली ती उतरेचना. डॉक्टरांनी नोरीनला बाजूला घेऊन साफ सांगितलं, ते दार असंच उघडं राहिलं तर तुमच्या आई काही उन्हाळा बघत नाहीत. नोरीननं समजावून पाहिलं, भांडून पाहिलं, एकदा तर बूट लपवूनच ठेवला. म्हातारीनं फटीत पाव कापायची फळी घातली आणि वर नोरीनलाच चार शब्द सुनावले.

अशात विणकर कामगार क्लबच्या भिंतीवर एक कागद लागला. ‘नाइज रस्ट बोलणार. गाणी नाहीत, नुसत्या गोष्टी. रविवारी दुपारी.’ नाइज रस्ट म्हणजे डेड मीटरचा गायक. आणि हॉल तोच, जिथे क्लिफ शेवटचा दिसला होता.

“जा तू,” आई खोकत खोकत म्हणाली. “क्लिफला शेवटचं त्यानं पाहिलंय. त्याला विचार, माझा पोरगा यायचाय का नाही. नाही म्हणाला, तर लावते दार. आणि खोटं येऊन सांगू नकोस. खोटं बोललीस की कान लाल होतात तुझे, लहानपणापासून.”

नोरीन गेली. दुसरं करणार काय?

क्लबात खुर्च्यांच्या रांगा मांडल्या होत्या. पंक मंडळी हजर होती, पण आता सगळ्यांची गुडघेदुखी सुरू झालेली. एकाला तुरा ठेवायला केस उरले नव्हते, म्हणून त्यानं टकलावर तुरा गोंदवून घेतला होता. एकीनं चामड्याच्या जाकिटाखाली लोकरी बनियन घातलं होतं आणि पाठीमागे उशी घेतली होती. क्लबचा सेक्रेटरी सिरिल, सदा कपाळाला आठ्या, त्यानं माइक हातात घेऊन ठोकला.

“हाउजीची तिकिटं बारपाशी मिळतील. मटण भरलेल्या गरम पाई मध्यंतरात येतील. आणि तुमच्यात थुंकायची पद्धत आहे ती मला ठाऊक आहे. गालिचा नवा आहे. कुणी थुंकलं तर पुसून घेईन त्याच्याकडून!”

लोकांनी जोरात टाळ्या पिटल्या. नोरीनला पुढच्या रांगेत जागा मिळाली. तिच्या डावीकडे, स्टेजच्या कोपऱ्याशी, तीनचार खुर्च्यांची जागा मोकळीच सोडलेली होती.

“इथे का नाही मांडल्या?” तिनं सिरिलला विचारलं.

“त्याचा चोचला,” सिरिल स्टेजकडे हनुवटी उडवत म्हणाला. “म्हणे डावा कोपरा मोकळा ठेवा, नाहीतर येत नाही. गाणं म्हणत नाही, वाजवत नाही, नुसता बडबडणार, आणि नखरे बघा!”

नाइज रस्ट आला. वाळून काटकुळा झालेला, चष्मा दोरीनं गळ्यात, हातात चहाचा मग. पण बोलायला लागला आणि हॉल त्यानं मुठीत घेतला. बँडची गाडी बर्फात बंद पडली तेव्हा ड्रमवाल्याची विजार जाळून ऊब घेतल्याची गोष्ट सांगितली. लोक पोट धरून हसले, नोरीनसुद्धा हसली. आपण कशासाठी आलोय ते क्षणभर विसरलीच ती. मग त्यानं मग खाली ठेवला.

“आमचं ते हप्तेवाल्याचं गाणं आठवतंय का रे?”

आठवत कसं नव्हतं! हप्ते वसूल करणारा दार ठोठावतो आणि सगळं घर सोफ्यामागे दडून बसतं, त्याचं ते गाणं. या गावात कुणाचं बालपण सोफ्यामागे गेलं नव्हतं? नाइज ओरडायचा, “घरात कोण?” आणि माइक पुढ्यातल्या पोरांच्या तोंडासमोर धरायचा. पोरानं ओरडायचं, “कुणी नाही!” क्लिफ घरात दिवसभर तेवढंच ओरडायचा. शेवटी आईनं एकदा डाव फेकून मारला होता.

“डाव्या कोपऱ्यात एक पोरगा असायचा,” नाइज म्हणाला. “सर्दीचं गाठोडं. आधी नाक ओढणार, मग ओरडणार. माइक नेहमी त्यालाच द्यायचो मी. याच हॉलमध्ये शेवटचा दिला. मग तो पोरगा गायब झाला.”

नोरीन खुर्चीत पुढे सरकली.

“पुढच्या आठवड्यात लीड्सला कार्यक्रम. मला माहीत होतं की तो नाही. पण सवयीला अक्कल असते का? ‘घरात कोण’ म्हटलं आणि हात गेला डावीकडे. रिकाम्या जागेत माइक धरला मी, गाढवासारखा.” तो थांबला. “आणि उत्तर आलं.”

मागून कुणीतरी भुतासारखं ‘ऊऽऽ’ केलं. हशा पिकला. नाइज हसला नाही.

“आम्ही आधी आवाजाचं मशीन बदललं. मग मशीनवाला बदलला. मग ड्रमवाला, त्याचा काही दोष नव्हता बिचाऱ्याचा. दर कार्यक्रमाला तेच. आधी नाक ओढल्याचा आवाज, मग ‘कुणी नाही’. शेवटी मी गाणंच सोडलं. म्हटलं, नुसत्या गोष्टी सांगू, कंटाळून जाईल. तर मेल्याला गोष्टीसुद्धा आवडायला लागल्या!”

लोक पुन्हा हसले. टकलावर तुरा गोंदवलेला म्हणाला, “काय फेकतोय लेकाचा!” नोरीनला हसणाऱ्या प्रत्येकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. ती उठून उभी राहिली.

“मला एक विचारायचंय तुम्हाला.”

“तुम्ही काय गं?” नाइज म्हणाला. “पंकला कुणी अहोजाहो करतं का?”

“मी क्लिफची बहीण आहे.”

नाइजनं गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. हॉलमधली कुजबुज विझत गेली.

“त्याला शेवटचं तू पाहिलंस,” ती म्हणाली. “आई अजून मागचं दार उघडं ठेवते. थंडीनं मरेल ती, डॉक्टर म्हणालेत. तिला एवढंच कळायचंय, तो यायचाय की नाही. खरं काय ते सांग. उगीच धीर देऊ नकोस.”

“मला नाही ठाऊक गं,” नाइज म्हणाला, आणि ते इतकं खरं होतं की नोरीनला रडूच आलं. “कालव्याच्या बाजूनं चालत गेला. मी हात केला, त्यानं केला. बास. पुढचं त्यालाच विचारायला हवं.”

तेवढ्यात बारकडून सिरिल ओरडला. “नाइज, पुरे आता! पाई आल्यात, थंड होतायत!”

“थांबा जरा, सिरिल.”

“थांबा नाही नि बिंबा नाही! आमच्या क्लबात पाई आल्या की कार्यक्रम थांबतो. राजा आला तरी थांबतो!” आणि सिरिलनं भिंतीतला प्लग खस्सकन उपटला. त्यानं भल्याभल्या बँडांचा आवाज असाच बंद केला होता. मशीनवरचा लाल दिवा विझला. स्पीकरच्या खोक्यांतली घरघर थांबली. माइक आता नुसता लोखंडाचा दांडा होता.

नाइजनं तरीही तो डावीकडे धरला, रिकाम्या जागेवर, अठरा वर्षांच्या पोराच्या तोंडाला येईल इतक्या उंचीवर.

“विचार,” तो नोरीनला म्हणाला.

लाज वाटली तिला. एवढ्या लोकांत रिकाम्या गालिच्याशी बोलायचं! पण आईचा खोकला आठवला, आणि लाज गेली खड्ड्यात.

“क्लिफ,” ती म्हणाली. “आई विचारतेय रे. मागचं दार लावायचं का?”

कुणी हललं नाही. मग दोन्ही खोक्यांतून, एका वेळी, कुणीतरी नाक ओढलं. सुर्र. ओलं, लांबलचक, अगदी क्लिफचं. याच आवाजापायी शाळेच्या बसमध्ये ती त्याच्यापासून लांब बसायची.

“लाव ना, नोरे,” आवाज कुरकुरला. “कधीचं वारं येतंय.”

हॉलनं टाळ्यांचा कडकडाट केला. लोकांना वाटलं, काय झकास करामत केली! शिट्ट्या वाजल्या, उशीवाली बाई तर उभी राहिली. नोरीन सोडली तर टाळ्या दोघांनीच वाजवल्या नाहीत. सिरिल हातातल्या प्लगकडे बघत होता, त्याच्या वायरीवरून मशीनपर्यंत बघत होता, आणि परत प्लगकडे. आणि नाइज रस्टचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“दुसरं काही तो कधीच बोलला नव्हता,” तो पुटपुटला. “इतक्या वर्षांत कधीच नाही.”

नोरीन घरी आली तेव्हा नुकतं अंधारून आलं होतं. आई स्वयंपाकघरात शालीवर शाल घेऊन बसली होती, पायापाशी फटीतून गार वारं सुटलेलं. नोरीननं सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. आईनं तिच्या कानांकडे निरखून पाहिलं.

“काय म्हणाला? परत सांग.”

“लाव ना, नोरे. कधीचं वारं येतंय.”

म्हातारीनं ते शब्द ओठांतल्या ओठांत घोळवून पाहिले. मग तिचा चेहरा असा काही फुलला की नोरीन घाबरली.

“संध्याकाळी तो नाक ओढतो ते मला रोज ऐकू येतं,” आई म्हणाली. “तुला बोलले नाही, म्हटलं वेड लागलं म्हणशील. मला वाटायचं बाहेर परसात उभा आहे. उशीर झाला, आई ओरडेल, म्हणून आत यायला भितोय. म्हणून दार उघडं ठेवत होते.” तिनं गुडघ्यांवर हात टेकले आणि उठली. “बाहेर असता तर ‘दार उघड’ म्हणाला असता. वारं येतंय कोण म्हणतं? आत बसलेला माणूस! मेला आतच होता गं इतकी वर्षं, कुडकुडत! आणि मी बया त्याच्या अंगावर वारं सोडून बसले.”

तिनं बूट काढला, झटकला, जिन्याखाली नेऊन ठेवला. दार लोटलं. किल्ली फिरेना, इतकी गंजली होती. तव्यावरची चरबी बोटानं लावली तेव्हा कुठे ती कट्ट करून फिरली. किल्ली तिनं ॲप्रनच्या खिशात टाकली आणि वर क्लिफच्या खोलीकडे जाणाऱ्या जिन्याच्या अंधाराकडे बघून दम भरला.

“आता बघते कसा जातोस ते.”

नोरीनच्या अंगावर सर्रकन काटा आला. दार लागलं, आई वाचली, त्याचा केवढा आनंद झाला होता तिला. आणि त्याच आनंदात तिला पुढच्या दारानं पळून जावंसं वाटत होतं. ती बसून राहिली. आईनं इस्त्रीच्या कपड्यांतून एक पांढरा रुमाल काढला, चौकोनी घडी केली आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवला.

“आणि नाक पूस आधी,” ती वर बघून म्हणाली. “शंभरदा सांगितलंय.”

मग दोघींनी जिन्याकडे पाठ करून चहा घेतला, कारण नाक शिंकरताना कुणी बघितलेलं क्लिफला आवडायचं नाही. खोली हळूहळू गरम होत गेली. आई खोकली नाही. चहा संपल्यावर नोरीन कप विसळायला उठली आणि न राहवून तिनं मागे वळून पाहिलं. पायरीवर रुमाल नव्हता.