सुपारीचा वाटा

टेपवर धाकटा लेक धोंडीराम "आये, आता चुली येगळ्या..." एवढं बोलला आणि तानूबाईनं बटण दाबून त्याचं तोंड बंद केलं. गावाकडून आलेली ती कॅसेट तिनं रोज लावली होती आणि रोज तिथंच थांबवली होती. पुढचं ऐकायचं नव्हतं, आणि न ऐकताही ठाऊक होतं.

"पुरं ऐका तरी, आत्या," अंजना म्हणाली. सून इस्पितळात नर्स होती. आज शुक्रवारची सुट्टी म्हणून पोराला भरवत बसली होती.

"काय ऐकायचं? धाकट्याला वाटनी पायजे. मी जित्ती हाय तवर घरात एकच चूल."

अंजनानं पोराच्या तोंडात पुढचा घास दिला. दोह्यात, अल मन्सूरातल्या या दोन खोल्यांतही चूल सासूचीच होती. सुनेच्या बाळंतपणाला म्हणून तानूबाई इकडं आली. नातू आता खुर्चीवरून उड्या मारत होता, तरी थोरला मच्छिंद्र दर वर्षी म्हणायचा, "येत्या उन्हाळ्यात जाऊ, आये." तिचा पासपोर्ट लेकाच्या पासपोर्टाबरोबर तो काम करायचा त्या हॉटेलच्या हापिसातल्या कपाटात पडून होता. खिडकीत एसी बसवलेला, त्याच्या कडा चिकटपट्टीनं बंद केलेल्या. गावात कोंडवाड्यातल्या म्हशीलासुद्धा आभाळ दिसतं, असं ती एकदा बोलून गेली होती. नंतर तिनं तो विषय काढला नाही. तक्रार करणारी म्हातारी होणं तिला परवडणारं नव्हतं.

दारावर थाप पडली. खालची इल्दिको होती. डोळे सुजलेले, पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

खालच्या मजल्यावर हॉटेलनं हंगेरी देशातली वाजवणारी मंडळी ठेवली होती. मच्छिंद्र हॉटेलात इलेक्ट्रिशियन, त्यांच्या स्टेजच्या वायरी तोच जोडायचा, म्हणून येणंजाणं. इल्दिकोनं एकदा फोटो दाखवला होता: तळ्याच्या काठी माणसांची ही गर्दी, मागचे लोक पाण्यात उभे, आणि समोर ही सहा जणं, त्यांचा म्होरक्या गाबोर दोन्ही हात वर करून. तेव्हा त्यांच्या तबकड्या दुकानात टिकत नसत. पोरी इल्दिकोसारखे केस कापून घेत. मग एका गाण्यावरून सरकारशी बिनसलं, कार्यक्रम बंद पडले, नव्या पोरांचे बँड आले. एक जण परदेशी पळाला, एकानं टॅक्सी धरली. सहाचे चार झाले आणि ते चौघं इथं, लोक जेवत असताना दुसऱ्यांची गाणी वाजवत होते. मच्छिंद्र सांगायचा, कुणी ताटातून मान वर करत नाही.

चौघं एकमेकांशी बोलतही नव्हते. स्टेजवर चढताना तेवढे एकत्र. तरी गाबोरनं त्यांना धरून ठेवलं होतं, आणि त्याबद्दल तानूबाईला त्या माणसाचं फार कौतुक. पहिल्या भेटीत त्यानं वाकून तिच्या हाताचा मुका घेतला, तेव्हा तिनं हात पदराला खसाखसा पुसला होता. पण भाकरी मात्र तो घरच्यासारखी मोडून खायचा. कारभारी असावा तर असा, ती म्हणायची.

इल्दिको इंग्रजीत बोलत होती, अंजना सांगत होती. तिची पोरगी तिकडं आजीपाशी. आजी जिन्यावरून पडली, मांडीचं हाड मोडलं. पोरगी शेजाऱ्यांकडं आहे. मॅनेजर रहमान म्हणतो, करार चौघांचा, सही गाबोरची. गाबोर हो म्हणाला की पासपोर्टांचं कपाट उघडतो. गाण्याला दुसरी बाई रहमानकडं तयार आहे. पण गाबोर हो म्हणत नाही. म्हणतो, बँड आला एकत्र, जाईल एकत्र.

"तुमचं तो ऐकेल म्हणते," अंजना म्हणाली.

"तिचा नवराच हाय न्हवं त्यो?"

"होता. आता नाही."

"मंग कारभारी तर हाय. एकीला सोडलं की दुसरा उठतोय, दुसऱ्यामागं तिसरा. सांग तिला."

अंजनानं सांगितलं की नाही कोण जाणे, पण इल्दिकोला कळलं. ती उठली. दारात थांबून हळू काहीतरी बोलली आणि गेली.

"काय म्हनली?"

"काही नाही."

"अंजे."

अंजना पोराचं तोंड पुसत राहिली. "विचारत होती, तुमच्या घरीपण कपाटाची किल्ली एकाकडंच असते का."

तानूबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. करपल्याचा वास आला तरी ती तिथंच उभी होती. मग तिनं गॅस बंद केला, कमरेची सुपारीची पिशवी चाचपली आणि दुसऱ्या खोलीत झोपलेल्या मच्छिंद्रला हाक मारली.

"ऊठ. खाली चल. मी बोलंन ते त्यास्नी सांग, आन् तुजं मधी घालू नगंस."

खाली चौघं चार भिंतींना टेकून होते. मधे ढोल, स्पीकरच्या पेट्या, गिटारी, वायरींची गुंतवळ. ढोलाच्या तोंडावर बँडचं नाव लाल रंगात. तानूबाई जमिनीवर बैठक मारून बसली.

"आमच्यात वाटनी अशी हुती," ती गाबोरला म्हणाली. "थोरल्यानं ढीग लावायचं. धाकट्यानं पयलं उचलायचं. थोरला शेवटी. मंग ढीग आपसूक सारखं लागत्यात."

मच्छिंद्रनं सांगितलं. गाबोर हसला. "म्हणतो, आम्ही भाऊ नाही."

"एका ताटात खाल्लंय, एकमेकांची तोंडं बगू वाटंनात. आनि कसं असत्यात भाऊ?"

हे ऐकून ढोलवाला आधी उठला. ढोलाचे स्क्रू सोडू लागला. दुसऱ्यानं पेटीची वायर भिंतीतून काढली. गाबोर दोघांकडं बघत राहिला. मग तो स्वतःच उठला, कारण कुठली वस्तू कुठून आली, कशाशी जाते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

चार ढीग लागले. तानूबाईनं पिशवीतून दोन सुपाऱ्या काढल्या.

"जे हातानं उचलता येत न्हाई, त्याला सुपारी. हिरीच्या पान्याच्या पाळीला, बैलपोळ्याच्या मानाला. ही तुमच्या ढोलावरच्या नावाची."

ती सुपारी गाबोरनं मोठ्या पेट्यांच्या ढिगावर ठेवली, सगळ्यांत चांगल्या ढिगावर.

"आन् ही हिच्या जान्याची."

ही सुपारी त्याच्या मुठीत राहिली. सगळे ढीग बघून शेवटी त्यानं ती चौथ्यावर ठेवली. तिथं एक तडकलेली खंजिरी होती आणि तुटक्या वायरी.

इल्दिको सगळ्यांत धाकटी. मच्छिंद्र सांगून संपवायच्या आत तिनं खंजिरी आणि सुपारी उचलून छातीशी धरली. मग ढोलवाल्यानं ढोल घेतले, फक्त नाव असलेलं तोंड काढून पेट्यांच्या ढिगाला टेकवून ठेवलं. तिसऱ्यानं गिटारी घेतल्या. मोठ्या पेट्यांना कुणी हात लावला नाही. नावाची सुपारी गाबोरला उरली. तो त्या सुपारीकडं असा बघत होता, जणू ती कुणी दुसऱ्यानंच तिथं ठेवली होती.

उठताना त्यानं तानूबाईला हात दिला. या वेळी मुका घेतला नाही.

आठवड्यात इल्दिको गेली. रहमानच्या हापिसात जाऊन गाबोरनं "द्या" एवढंच म्हटलं, असं मच्छिंद्रनं सांगितलं. बाकीचे दोघं मोसम संपला की जाणार होते.

"आये," चपला काढता काढता मच्छिंद्र म्हणाला, "आपल्या घरात तू कुनाला नाव काढू दिलं न्हाईस वाटनीचं. आन् परक्यांची करून आलीस."

"तुज्या आज्याच्या घरची बघितलीया मी. नवी नवरी हुते. तीन ढीग, तीन सुपाऱ्या. एक हिरीची, एक मानाची." ती थांबली. "तिसरी तुज्या आजीची. म्हातारी कुनाकडं ऱ्हानार त्याची. चौकटीला टेकून, पदर तोंडात धरून बसलेली. कुनाचा हात कुठं जातोय बगत. तुज्या बापानं तिची सुपारी सोडून बैलं उचलली."

मच्छिंद्रनं दुसरी चप्पल हातातच धरली. अंजनानं कोरी कॅसेट आणून टेपजवळ ठेवली आणि ती आत गेली.

"लाव," तानूबाई म्हणाली.

दोन बटणं एकदम दाबली गेली. तिनं पिशवीतून सुपाऱ्या काढून टेपसमोर मांडल्या, धोंडीरामला दिसत असल्यागत.

"धोंडीराम, मी आये बोलतीया. ढीग मच्छिंद्र लावंल. तू आदी उचल. ही सुपारी हिरीच्या पाळीची. ही मानाची. भांडू नगा." मग टेप चालू असतानाच ती थोरल्याकडं वळली. "उद्या कपाटातनं माजा पासपोर्ट घिऊन ये."

"आये, येत्या उन्हाळ्यात..." तो म्हणाला आणि त्याची नजर तिसऱ्या सुपारीवर पडली. "ही कशाची?"

तिनं ती उचलली, अडकित्त्यात धरली आणि दाबली. एक खांड तोंडात टाकलं, दुसरं पिशवीत. कॅसेट फिरत होती. गावाकडं धोंडीरामला मधेच कट्कन काहीतरी तुटल्याचं ऐकू येणार होतं. काय तुटलं, हे टेपवर कुणी बोललं नाही.