पटकन हरणारा बाबा

मी एक जुना खेळ आहे. जुना म्हणजे तीनच वर्षांचा, पण पुठ्ठ्याच्या जातीला तेवढं म्हातारपण पुरतं. माझं नाव 'जादूचं जंगल'. माझ्या पटावर एक सोनेरी दार आहे आणि दाराजवळच चेटकिणीची गुहा. जो आधी दारात पोचेल तो जिंकला. जो गुहेत गेला तो पुन्हा सुरुवातीला. माझ्या झाकणावर 'वय पाच ते आठ, आईबाबांसोबत' असं छापलेलं आहे. त्यातला शेवटचा शब्द कोणी वाचत नसावं, असा मला छापखान्यातच संशय आला होता.

मित्रांनो, मी संशयी आहे हे आधीच कबूल करतो. ज्याची एक सोंगटी, म्हणजे परी, सोफ्याखाली गेली तरी जन्म वाया जातो, त्याने दुसरं काय करावं?

स्वरालीच्या पाचव्या वाढदिवसाला मी कर्वेनगरच्या त्यांच्या घरी आलो. तिचा बाबा, आनंद, वाशिमहून नोकरीसाठी पुण्यात आलेला. घरूनच लॅपटॉपवर काम करायचा. सुरुवातीला काय थाट होता माझा! आनंद चेटकिणीचा आवाज असा काढायचा की शेजारच्या श्यामलाकाकू दार वाजवून विचारायच्या, "सगळं ठीक आहे ना?" तेव्हा एकेक डाव तासभर चालायचा.

मग एके दिवशी डब्यात वीसच्या जागी एकोणीसच कार्डं आली. 'गुहेत जा' हे कार्ड गायब होतं. मी लगेच झाडू मारणाऱ्या सरुबाईंवर संशय घेतला आणि दोन दिवस त्यांच्यावर डूख धरला. बिचाऱ्यांचा काही संबंध नव्हता. कार्ड आनंदच्या मांडीखाली असायचं. स्वरालीची नजर चुकवून तो तेच काढायचा, "अरेरे, मी गुहेत" म्हणायचा आणि हरायचा.

प्रेमच असेल, असं मी मनाला समजावलं. स्वरालीची आई प्रियदर्शनीसुद्धा हसून म्हणायची, "फार लाडावतोस हं तिला." पण लागोपाठ अकरा डाव हरणारा माणूस माझ्या गळी उतरेना. मी लक्ष ठेवलं. प्रत्येक डाव दहा मिनिटांत संपत होता. हरला की आनंद "जिंकली माझी राणी" म्हणायचा, पऱ्या माझ्या डब्यात मुठीने कोंबायचा आणि लॅपटॉपपाशी जाऊन बसायचा. रविवारीसुद्धा. माझे कोपरे तेव्हाच फाटले. त्याचं मला फार वाईट वाटलं, पण राणीकडे बघून जास्त वाटायचं. जिंकल्यावर ती एकटीच पटापाशी बसून राहायची.

गेल्या रविवारी स्वराली दारापासून एका घरावर होती. तिला फाशावर एकच हवा होता आणि एकच पडला. तिने परी उचलली आणि एक घर मागे, थेट गुहेत नेऊन ठेवली.

"अगं, दार इकडे आहे," आनंद म्हणाला.

"माहितेय."

"मग जिंक ना."

"नको. मी जिंकले की तू उठतोस."

आनंदने मांडीखालचं कार्ड काढून गठ्ठ्यात सरकवलं आणि म्हणाला, "आता खरं खेळतो. हरलीस तर रडायचं नाही."

ती हरली आणि रडलीही. मग नाक पुसून तिने पट पुन्हा मांडला. आनंद जागचा हलला नाही.

मित्रांनो, त्या दिवशी त्याचा कामाचा फोन वाजला नव्हता, त्यामुळे मी अजून पुरता विश्वास टाकलेला नाही. तुम्हीही टाकू नका. आमच्या फाटक्या कोपऱ्यांना जमलं तर चिकटपट्टी लावा, नाही जमलं तरी चालेल. पण घरातलं मोठं माणूस तुमच्याशी खेळताना फारच पटपट हरायला लागलं, तर जिंकल्याचा आनंद मानू नका. त्याचा हात धरा आणि म्हणा, "पुन्हा मांड."