बरणीच्या तळाचं पाणी

टिटवाळ्याच्या पलीकडे, नव्या टॉवरांनी वेढलेल्या त्या गावात रविवारी सकाळी मारुतीच्या पारापाशी दीडेकशे माणसं जमली होती. पारावर चिनी मातीची हातभर उंच बरणी होती. तिच्यात सत्यजल होतं म्हणे. शिवरामबुवांच्या सांगण्यानुसार ते हिमालयातून आलं होतं, त्याला मराठी कळत होतं आणि भुताळीण तर ते हमखास ओळखत होतं.

पोपटची अकरा महिन्यांची मुलगी पंधरा दिवसांपूर्वी तापानं गेली होती. कुणीतरी करणी केली, असं बुवांनी सांगितलं, आणि त्याच्या दुःखाला निदान राग काढायला माणूस मिळणार होता.

करवंटीच्या, लांब दांड्याच्या डावानं बुवा आधी स्वतः घोटभर सत्यजल प्यायले. मग त्यांनी ते भावकीतल्या चार बायकांच्या तळहातावर ओतलं. मूठ मिटायची, बुवा शंभर मोजणार, जिचा हात भाजेल ती भुताळीण. चौघींना काही झालं नाही. पाचवी गोदूबाई, पोपटची विधवा काकी. तिसाच्या आकड्याला ती कण्हायला लागली. साठाला तिनं मूठ उघडली, तर तळहात लालभडक होऊन कातडी सुटत होती.

"पाणी बोललं," बुवा म्हणाले.

पोपटची पहिली लाथ तिच्या कमरेत बसली. मग कुणी केस धरून ओढलं, कुणी बांबू घातला. तिच्या तोंडातून रक्त आलं. "पोपट, मी न्हाऊ घातलाय रे तिला," एवढंच ती म्हणत राहिली.

समोरच्या इमारतीत राहणारी विनिता कल्याणच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. पोलिसांना फोन करून ती खाली आली होती आणि मघापासून डावाकडे बघत होती. ती त्या मारामारीत घुसली. एक बांबू तिच्याही खांद्यावर बसला. गोदूबाईला तिनं नळापाशी ओढत नेलं, हात वाहत्या पाण्याखाली धरला आणि पोपटच्या बायकोला, ऋतिकाला, तो तसाच धरून ठेवायला सांगितलं. ऋतिकानं धरला.

मग विनिता पाराकडे वळली. पाणी एकच आहे तर वरचं आणि तळाचं सारखंच असणार, तेवढं बघू द्या, असं तिनं सांगितलं. बुवांच्या एका माणसानं तिचा हात पिरगाळला. धापा टाकत पोपट म्हणाला, "बघू दे तिला."

तिनं भजीवाल्याकडून खायचा सोडा आणवला. एका ग्लासात वरवरचं पाणी घेऊन चिमूटभर सोडा टाकला. काही झालं नाही. दुसऱ्यात डाव तळापर्यंत बुडवून पाणी काढलं. सोडा पडताच ग्लास फसफसून उतू गेला.

"तळाशी ॲसिड आहे," ती म्हणाली. "ते पाण्यापेक्षा जड. वरून हलक्या हातानं पाणी सोडलं की ते खालीच राहतं. सरबत ढवळलं नाही तर वरचा घोट फिका आणि तळाचा गोड लागतो ना, तसंच. बरणी एकच, पण तीव्रता वेगवेगळी. चौघींना वरचं दिलं, काकींना तळाचं."

तिनं डावानं बरणी ढवळली. आता वरचं पाणीही सोड्यावर फसफसलं.

"मघाशी प्यायलात तसाच एक घोट घेणार?"

बुवांनी बरणीला लाथ मारली आणि पारावरून उडी टाकली. जमाव त्यांच्यावर तुटून पडला. पोपटच्या बांबूनं त्यांचं कपाळ फुटलं. विनिता पुन्हा मध्ये पडली.

"याच्या शब्दावर तिला मारलंत, आता माझ्या शब्दावर याला मारता? मलाही आंधळेपणानं मानू नका. सोडा आहे, ग्लास आहेत, स्वतः करून बघा."

पोलिसांनी बुवाला नेलं. पोपटलाही नेलं.

जामिनावर सुटल्यावर तो काकीच्या दारात जाऊन बसला. गोदूबाईची जखम भरली होती, पण दोन बोटं मिटत नव्हती. ती म्हणाली, "मारायच्या आधी मना एकदा इचारायचा होतास."

चमत्कार दाखवणाऱ्याला प्रश्न विचारल्यानं देव कोपत नाही. न विचारल्यानं मात्र कुणाचा तरी हात जळतो, आणि तो हात बहुतेक वेळा अशाच एखाद्या एकट्या बाईचा असतो.