निवृत्त कप्तान, गच्चीवरची खोली

समोरची पार्सल पोचवणारी कंपनी आजारी पडली तेव्हा आमच्या कंपनीत सगळ्यांना भूक लागायला लागली. सकाळी अकराचा चहा आला की तीस-चाळीस माणसं कप घेऊन खिडकीशी गोळा व्हायची आणि रस्त्यापलीकडे बघत बिस्किटं बुडवायची. ते बगळावाले, आम्ही घारवाले. गाड्यांवर जे पक्षी रंगवले होते त्यावरून लोकांनी ठेवलेली ही नावं. आमचं नाव किती अचूक होतं ते मला त्या खिडकीत उभं राहून कळलं.

बगळ्यांनी पार्सलं आपोआप वाटणारा नवा पट्टा बसवला होता. तो दुसऱ्याच आठवड्यात अडकला. दुरुस्तीचा माणूस पट्ट्याच्या पोटात शिरला तो तीन दिवसांनी बाहेर आला, आणि त्याच्या पाठीवर चार गावांची लेबलं चिकटलेली होती. यातले तीन दिवस माझ्या पदरचे, लेबलं खरी. पार्सलांचा ढीग छताला लागला, मग दारातून बाहेर पडला आणि फुटपाथवर पसरला. आज दुसऱ्या मजल्याची खिडकीही बुजली, असं आमच्यातलं कुणी म्हणालं की दुसरा बिस्किटांची बशी पुढे ओढायचा. जनावर अजून मेलं नव्हतं, एवढीच काय ती अडचण.

त्या ढिगात माझे दाजी होते. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एकतीस वर्षं दारोदार पार्सलं पोचवत होते. बगळ्यांचा नियमच तसा जुन्या वळणाचा. दारी कुणी भेटलं नाही तर तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या वेळी जायचं, मग शेजाऱ्यांना विचारायचं, आणि तरीही माणूस हाती लागला नाही तरच पार्सलावर 'सापडला नाही' असं लिहायचं. आम्ही घारवाले घंटी न वाजवताच 'घर बंद' ची चिठ्ठी दाराखालून सरकवतो आणि पुढे पळतो, म्हणून आम्ही वेगवान. दाजींनी एकतीस वर्षांत 'सापडला नाही' अकरा वेळा लिहिलं, आणि त्यातले नऊ मेलेले निघाले. एकदा तर पत्त्यात नुसतं 'खोकणाऱ्या म्हाताऱ्याच्या वर' एवढंच होतं. दाजी गल्लीच्या तोंडाशी कान देऊन उभे राहिले, चार खोकले सोडून दिले आणि पाचव्याच्या मागे गेले. पार्सल पोचलं.

पट्टा अडकल्यावर बगळ्यांच्या मालकाने माणसं कमी करायचं ठरवलं. फळ्यावर यादी लागली. ज्याच्याकडे सगळ्यात जास्त पार्सलं पडून राहतील, तो दर शनिवारी घरी. दाजींचं वय अठ्ठावन्न, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. दुसरीकडे कुणी त्यांना दारात उभं करणार नव्हतं. ताई मला म्हणाली, हे रोज सकाळी एकच विचारतात, काम गेलं तर दिवसभर जाऊ कुठे. एवढं चालण्याची सवय झालेला माणूस घरात बसला तर चार महिने काढणार नाही, हे तिला दिसत होतं आणि मलाही.

आता आमचे मॅनेजर. त्यांना आम्ही तूपसाहेब म्हणायचो, कारण त्यांचं बोलणं घशाला न लागता थेट पोटात उतरायचं, आणि मग दिवसभर मळमळायचं. त्यांनी मला बोलावून घेतलं. माझं काम अपुरे पत्ते पुरे करायचं. एखाद्या लेबलावर अर्धा पत्ता आला की उरलेला अर्धा मी डोक्यातून काढून द्यायचो. शिवाय थापाड्या म्हणून माझी कीर्ती होतीच, चहाच्या वेळी माझ्याभोवती कोंडाळं जमायचं. साहेबांनी माझ्या या गुणाचं आधी मनापासून कौतुक केलं. मग म्हणाले, शेजाऱ्यांची सेवा कशी चालली आहे याची जरा चाचणी घ्यायची आहे, काळजीपोटी. चाळीस पार्सलं त्यांच्यामार्फत पाठवायची. इमारती खऱ्या हव्यात, माणसं मात्र नकोत.

"एक पार्सल म्हणजे त्यांच्या माणसाच्या तीन फेऱ्या," ते चहा ढवळत म्हणाले. "नियम त्यांचाच आहे. आपण काय करणार?"

मला शिसारी आली, असं लिहायला आवडलं असतं. नाही आली. उलट मजा आली. जन्मभर फुकट थापा मारल्या, आता त्याच कामासाठी टेबल, खुर्ची आणि वर पंखा मिळाला. मी माणसं घडवायला बसलो. लाकडी पायाचा घड्याळजी, जुळ्या मुलांची आंधळी दाई, बोटीवरून निवृत्त झालेला कप्तान, त्याला राहायला गच्चीवरची खोली. दाजींचा भाग नदीकडचा, तेवढा मी कटाक्षाने टाळला. सगळी माणसं टेकडीकडच्या चढावर नेऊन वसवली आणि स्वतःला शाबासकी दिली.

पार्सलात काहीतरी हवंच, नाहीतर बॉक्स हातात घेताच संशय यायचा. नवं काही भरायला तूपसाहेबांचा जीव होईना. म्हणून गोदामाचा केर भरला. ओला भुसा, कॅन्टीनमधला तीन दिवसांचा चोथा, छपराच्या खोबणीतून खरवडलेली कबुतरांची विष्ठा. भरणाऱ्या बायकांनी नाकाला फडकी बांधली होती. साहेब मात्र मधून फिरताना म्हणत होते, दाबून भरा, वजन यायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी उन्हात त्या बॉक्सांना घाम फुटला. एकाच्या कोपऱ्यातून तपकिरी थेंब ओघळला आणि जमिनीवर पडला, तेव्हा तिथे फिरणारं झुरळ थांबलं, त्याने वास घेतला आणि मागे वळलं. हवं तर माझ्या पदरचं समजा.

त्यानंतरच्या तिसऱ्या सोमवारी संध्याकाळी ताईकडे गेलो. जिन्यातच दर्प आला. दाजी मागच्या मोरीत कोपरापर्यंत साबण लावून हात घासत होते, आणि बोळात भिंतीला लागून सतरा बॉक्स रचलेले. कंपनीत ठेवायला जागा नाही, म्हणून मालकाने सगळ्यांना उरलेली पार्सलं घरीच न्यायला सांगितली होती. ताईने त्यांच्याखाली जुनं पांघरूण अंथरलं होतं, तेही भिजलं होतं. वरच्या लेबलावर माझंच अक्षर, जरा तिरपं केलेलं.

 मी शक्य तितक्या सहज विचारलं, हा माल तर टेकडीकडचा दिसतो. दाजींनी सांगितलं, चढावरची दोन माणसं एकामागोमाग दोन शनिवारी कमी केली, त्यांचा भाग गेल्या आठवड्यात मला आणि शिट्टीला अर्धा-अर्धा वाटून दिला. शिट्टी म्हणजे त्यांचा जोडीदार. हा घंटी वाजवत नाही, दारात शिट्टी घालतो, आणि लोक हसत दार उघडतात. दाजींचे गुडघे धरले की त्यांची जड पार्सलं तोच वर नेऊन द्यायचा. त्याच्याकडे सहा उरली होती, बाकी कुणाकडे दहाच्या वर नव्हती. दाजींकडे सतरा, आणि शनिवारला पाच दिवस.

ताई म्हणाली, सगळ्यांच्या तीन तीन फेऱ्या झाल्या, रात्री पाय शेकते मी यांचे, माणूस म्हणून एक सापडत नाही, आणि 'सापडला नाही' लिहायला हे तयार नाहीत. दाजी हात पुसत आले आणि म्हणाले, एक सापडला होता.

तो कप्तान. पत्त्यातल्या इमारतीच्या गच्चीवर खरंच एक खोली होती, आणि तिच्यात एक म्हातारा राहत होता. बोट नाही, पण नदीवरची होडी त्याने पुष्कळ वर्षं चालवली होती, आणि मुलं त्याला गमतीने कप्तान म्हणायची. त्याचा मुलगा नऊ वर्षांपूर्वी निघून गेला होता. पार्सल बघून म्हाताऱ्याला हर्ष मावेना. त्याने सही केली, दाजींना बसवलं, सुरीने दोरी न कापता गाठ सोडवली, दोरी पुन्हा उपयोगी पडते म्हणून. मग झाकण उघडलं.

"आधी त्याने हात आत घातला," दाजी म्हणाले. "वर घाण आहे, खाली काहीतरी असेल, असं वाटलं असणार त्याला. तळापर्यंत घातला."

ताईने तोंडाला पदर लावला. मी समोरच्या बॉक्सकडे बघत बसलो. जन्मभरात मी मारलेल्या थापांपैकी ही एकच खरी निघाली होती.

दाजींनी एक लेबल माझ्यापुढे धरलं. "तुला सगळे पत्ते पाठ असतात. हा दाईचा बघ जरा. कुठे चुकलो मी?"

दाजी चुकले नव्हते, आणि चुकले असं त्यांना वाटत होतं. माझ्याच्याने राहवेना. मी सांगून टाकलं. दाई नाही, घड्याळजी नाही, कुणीच नाही, सगळे मी बसून लिहिले. साहेबांचं नाव सांगितलं, चाचणी सांगितली, केर कसा भरला तेही सांगितलं. ताई उठून आत गेली.  दाजींनी विचारलं, पाठवणारा म्हणून वर ज्या दुकानाचं नाव आहे, ते दुकान आहे का. मी म्हटलं, नाही.

"म्हणजे पाठवणारा तू," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क सुटकेसारखं काहीतरी आलं. "मग सोपं आहे."

सोपं म्हणजे असं, की पार्सल पाठवणाऱ्याला परत गेलं आणि त्याने सही केली, तर ते पोचलं असंच धरतात. यादीतून निघतं.

मंगळवारी सकाळी दाजी हातगाडीवर सतरा बॉक्स लादून रस्ता ओलांडून आले. चहाची वेळ, खिडकी भरलेली. बगळ्यांचा माणूस आमच्या दारात बघून सगळे कप घेऊन बाहेर आले, आणि वास येताच दोन पावलं मागे सरले. दाजींनी एकेक बॉक्स माझ्या टेबलावर ठेवला आणि पावती पुढे केली. तूपसाहेब माझ्या मागेच उभे होते. मी सतरा वेळा सही केली. नवव्या सहीला दाजी म्हणाले, शाई पुसट आली, पुन्हा करा. पावत्या खिशात घातल्या आणि गेले.

आता आपली नोकरी गेली, असं मी धरून चाललो. पण साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, माणसाने नाती सांभाळलीच पाहिजेत, आमच्या कंपनीला अशाच माणसांची गरज आहे. मला रडायलाच आलं. मग ते मला आत घेऊन गेले, पाठोपाठ ते सतरा बॉक्स आत आले, आणि नव्या कोऱ्या लेबलांचं पाकीट टेबलावर आलं.

"मेहुण्यांचा भाग तेवढा सोडून लिहा," ते म्हणाले. "त्यांना त्रास नको."

आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. पेन नुसतं माझ्याकडे सरकवलं. चढाचे दोनच भाग होते. एक दाजींचा. दुसरा कुणाचा, ते मला पक्कं माहीत होतं. मी मनाशी हिशेब मांडला, की सहा आणि सतरा तेवीस, पण तीन दिवसांत काहीही होऊ शकतं, पट्टा सुरू होईल, मालकाचं मन फिरेल, माणूस हुशार आहे, निभावून नेईल. असं बरंच काही, आणि तोवर माझा हात लिहीत होता. संगीत शिकवणारी बाई, तळमजला. चष्म्याचा कारागीर, मागचं दार. आदल्या वेळेपेक्षा पत्ते चांगले जमले, हेही नोंदवून ठेवतो.

शनिवारी शिट्टी कमी झाला.

रविवारी दुपारी माझ्या दारावर टकटक झाली. उघडलं तर दाजी. अंगावर कामाचा शर्ट, हातात बॉक्स, खाली जिन्यात आणखी सोळा. चढाचे दोन्ही भाग आता त्यांच्याकडे आले होते, आणि त्याबरोबर शिट्टीचा माल. बगळ्यांची माणसं दर फेरीला पार्सलाच्या तळाशी पेन्सिलने एक रेघ ओढतात, आपल्यालाच लक्षात राहावं म्हणून. दाजींनी बॉक्स माझ्यासमोर उलटा केला. तीन रेघा जुन्या, त्यांच्या हाताच्या. त्यांच्या शेजारी दोन रेघा दुसऱ्याच हाताच्या, आखूड, घाईच्या. तिसऱ्या फेरीला शिट्टीला दिवस पुरला नव्हता.

  मी म्हटलं, आत या, चहा टाकतो, पाय मोकळे करा.

"कामावर असताना गिऱ्हाइकाच्या घरात बसत नाही आम्ही," दाजी म्हणाले. "सही करा, साहेब. इथे."

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी साहेब म्हटलं नव्हतं. मी सही केली, मग पुढची, मग त्यापुढची. प्रत्येक वेळी ते खाली जायचे, एक बॉक्स घेऊन कठड्याला धरून, आडवं पाऊल टाकत वर यायचे. मी आणतो म्हणून मी पुढे झालो, तर त्यांनी हातानेच अडवलं. सतरावी सही झाली तेव्हा त्यांनी पावत्यांची माझ्याकडची अर्धी फाडून दिली, टोपी नीट केली आणि निघाले. मी दारातच उभा होतो, शेवटचा बॉक्स छातीशी धरून, आणि तो खालून माझ्या सदऱ्यावर पाझरत होता.